बोटांपुरतं

रेणू, थांब. रॅचेट खाली ठेव.
स्टड बसवायला रॅचेट लागत नाही.

आधी भोक बघ.
बॅटरी मार, वाकून बघ.
आंधळं भोक आहे ते, पलीकडे उघडत नाही,
आत गेलेलं आतच राहतं.
मागच्या कारागिराचं तेल, बिडाचा चुरा,
धुतानाचं पाणी,
सगळं तळाशी बसून असतं, गप्प.
टॅप फिरव हलक्या हाताने.
नवे आटे पाडायचे नाहीत, जुने झाडून घ्यायचे.
मग हवा मार. डोळे मीट आधी.
मग पुन्हा बघ.

बाहेर दाराशी तो ब्लॉक आहे ना,
ज्यावर बसून तू डबा खातेस,
त्याला केसाएवढी एक रेघ आहे.
ती माझी.

चौऱ्याण्णव साल. द्वारकेला, निसार कोकणींकडे होतो.
वणीच्या कुणा आहेरांची जीप,
गडाच्या घाटात माणसं भरभरून दमलेली.
जास्त तेल म्हणजे चांगलं काम, असं वाटायचं मला.
भोकात तेल ओतलं,
स्टडच्या डोक्यावर दोन नट अडकवले,
पान्याला पाइप लावला
आणि लोंबकळलो.
तेल दबत नाही, पोरी. जाणार कुठे ते?
खाली बीड, वरून मी.
टिक् झालं.
अडकित्त्यात सुपारी फुटते, तेवढंच.

उस्ताद ओरडले नाहीत.
हात पुसले, रेघेवरून नख फिरवलं,
एकदा वर, एकदा खाली,
आणि म्हणाले, चहा सांग. दोन.
पगारातून काही कापलं नाही.
आहेरांना काय सांगितलं, मी कधी विचारलं नाही.
ते गेले, दुकान विकलं गेलं, तेव्हा
पोरांकडून हा एवढा ब्लॉक मागून घेतला.
टेम्पोवाला म्हणाला, भंगाराला एवढं भाडं?

तर, बोटांनी.
तुझी आई जाते ना उगावच्या पॅकहाउसला,
घड उचलते, पण मण्यावरची
पांढरी पावडर पुसू देत नाही,
तेवढ्या बोटांनी.
डिसेंबर आहे, बीड गार आहे,
बोटं बधिर झाली तर चहाच्या ग्लासाला लाव,
हातमोजा नको.
तळाला टेकला की सोड.
टेकला म्हणजे टेकला.
लोकांना वाटतं जोर इथे लागतो.

बोल्ट वळतोही आणि ताणतोही, दोन्ही एकदमच भोगतो.
स्टडचं तसं नाही. तो उभा राहतो,
पीळ नट खातो,
त्याच्या वाट्याला नुसता ताण.

तेल आता घे. वरच्या आट्यांना,
नटाच्या बुडाला, वॉशरला.
कॅपचा बाण पुढे. नंबर वाच.
दुसरीची कॅप तिसरीवर बसते,
बसते म्हणून बसवायची नसते.
मधून सुरू कर, बाहेर जा.
सगळे तीसवर. मग सगळे साठ. मग नव्वद.
पाना कट् म्हणाला की हात सोड,
परत विचारलंस तर तो थोडं जास्तच सांगतो.

आणि हे झालं म्हणजे झालं नाही.
नव्या ताणाने भोकाचा गोल हलतो,
डोळ्याला दिसत नाही, गेजला दिसतो.
कॅप अशाच आवळलेल्या ठेवून
सातपूरला गांगुर्ड्यांकडे न्यायचा, लाइन होन करायला.
मग सगळं सोडायचं, धुवायचं,
आणि पुन्हा पहिल्यापासून.
हसलीस. हसतात सगळे.

पहिला टेकला. दुसरा, तिसरा.
मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं, तुझ्याकडे बघत नव्हतो.
सहाव्याला तू थांबलीस.
अर्धा गेलेला, उलटा फिरवून बाहेर काढलास,
कानात घालायची कापसाची काडी
भोकात सोडलीस तळापर्यंत,
वर आणलीस.

टोकाला काळा थेंब.

तू काही बोलली नाहीस.
मी उठून बाहेर गेलो,
ब्लॉकवर बसलो जरा.